आठव्या रिळाची लांबी

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला आठव्या डब्याचं झाकण उघडलं आणि आतून दंतमंजनाची जाहिरात निघाली.

एरवी मी पोट धरून हसले असते. कारण हे घडलं ती खोली माझ्या धाकट्या भावाच्या दवाखान्यामागची, आणि भाऊ दातांचा डॉक्टर. पण त्या दिवशी हसायची कोणाची प्राज्ञा नव्हती. इंजिनियरने फिल्मचं टोक दिव्यासमोर धरलं होतं आणि चौकटीमागून चौकट एक गृहस्थ बत्तीशी दाखवत होता.

"हे आपलं रीळ नाही," इंजिनियर म्हणाला. दोनदा म्हणाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आक्कांनी मान उंचावली. "काय झालं? दिसली का?"



आक्का त्या सिनेमाच्या नायिका. बावन्न वर्षांपूर्वीचा तो काळा-पांढरा सिनेमा चार आठवडे चालला आणि लोक विसरून गेले. निगेटिव्ह गोदामाच्या आगीत जळाली, बाकीच्या प्रिंटा भंगारात गेल्या. उरली ती एकच प्रिंट. चित्रगृह बंद पडलं तेव्हा तिथल्या ऑपरेटरने ती खांद्यावर घालून घरी नेली, म्हणून उरली. आठ रिळं, आठ डबे. माझा भाऊ आणि त्याच्यासारखेच आणखी तीन वेडे, म्हणजे हा इंजिनियर, एक शिवणकामवाली वहिनी आणि ते ऑपरेटरकाका, मंडळ करून ती प्रिंट तीन वर्षं, दर गुरुवारी आणि रविवारी, पुसत, सांधत, साफ करत बसले होते. सात रिळं झाली होती. आठवं राहिलं होतं.

त्या आठव्या रिळात आक्कांची मुलगी होती. आठ महिन्यांची. दिग्दर्शकाला मांडीवर घ्यायला एक मूल हवं होतं, आक्कांनी स्वतःचं नेलं. सिनेमा लागण्याआधीच ती तापाने गेली. पहिल्या वाढदिवसाला तिचा पहिला फोटो काढू असं घरचे म्हणाले होते, वाढदिवस आलाच नाही. आक्कांनी तो सिनेमा कधीच पाहिला नाही, तेव्हा त्यांचा धीर झाला नाही. आता पाहायचा होता, तर डोळे चालले होते. नेत्रवैद्याने दोन महिने सांगितले होते, फार तर तीन.

"अहो, बोला ना कोणीतरी," आक्का म्हणाल्या. "माझी पोर कुठंय?"

२

मी त्या मंडळातली नाही. मी वरच्या मजल्यावर राहते आणि चहाच्या वेळेला खाली येते. नोकरीची अठ्ठावीस वर्षं परीक्षांच्या भरारी पथकात गेली. कॉपी कोणाच्या बाहीत, कोणाच्या बुटात, हे मी दारातून चेहरे पाहून सांगायची. भाऊ मला घाबरतो, बाकीचे मॅडम म्हणतात.

"ताई," भावाने मला दवाखान्यात ओढलं, "पोलिसांत जाऊ नको म्हणतात सगळे. आमच्याकडे या प्रिंटचा कसलाही कागद नाही. उद्या प्रिंटच जप्त करतील. तूच बघ."

"मी? माझ्या चोरांना मिसरूडही फुटलेलं नसायचं."

"तुझी नजर तीच आहे ना?"

मी आधी ती जाहिरात नीट पाहिली. ती एक नव्हती, चार होत्या. दंतमंजन, साबण, छत्री आणि पुन्हा दंतमंजन. चारही एकाला एक सांधून नीट एक पूर्ण रीळ केलेलं, म्हणजे डबा उचलला तर वजनात फरक कळू नये. आणि सांधे इतके सुबक की बोट फिरवलं तरी लागत नव्हते.

कुलूप तुटलेलं नव्हतं. कपाटाच्या किल्ल्या चौघांकडे. तेव्हा चोर बाहेरचा नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळत नव्हतं ते वेगळंच. हे रीळ चोरून कोणाला काय मिळणार होतं? सात रिळांशिवाय आठवं म्हणजे पानाशिवाय देठ. आणि आठव्याशिवाय सात म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

आक्कांना घरी पोचवायला गाडी आली. जाताना त्यांनी माझा हात चाचपून धरला. "मॅडम, मला अजून खिडकीची चौकट दिसते," त्या म्हणाल्या. "माणसं धूसर दिसतात. जरा लवकर शोधा हं."

३

सुरुवात घरातूनच केली. भावाकडे एक कपाट आहे. त्यात जुनी पोस्टरं, तिकिटं, सिनेमाच्या पुस्तिका. त्याला सख्ख्या बहिणीनेही हात लावायचा नाही. हावरटपणा आमच्या घराण्यात त्याच्याच वाट्याला आला आहे.

"तूच लपवलंस का?"

"ताई!"

"ओरडू नकोस. बाहेर पेशंट बसलेत, त्यांना वाटेल मी तुझा दात काढतेय."

तो रडकुंडीला आला. कपाट उघडून दाखवलं, गादी उलटून दाखवली. मला ते सगळं बघायची गरज नव्हती. माझ्या भावाला सुईत दोरा ओवता येत नाही, तो फिल्म काय सांधणार?

इंजिनियर हा पन्नाशीचा, एकलकोंडा, तिरसट माणूस. फिल्मच्या एकेका चौकटीचा फोटो काढणारं यंत्र त्याने घरी बसून स्वतः बनवलं. फोटो निघाले की तो संगणकावर एकेक ठिपका, एकेक ओरखडा पुसत बसतो. तासाला तीस चौकटी. सिनेमात चौकटी सव्वा लाखाच्या घरात. गणित तुम्हीच करा.

"तुम्ही परदेशातल्या दुसऱ्या एका मंडळाला पत्रं लिहीत होतात," मी म्हटलं. "प्रिंट त्यांच्याकडे पाठवू म्हणून."

"लिहीत होतो. त्यांचं यंत्र चांगलं आहे. पण पाठवायची तर पूर्ण पाठवायची. शेवट नसलेला सिनेमा कोण घेईल?" मग त्याचा आवाज उतरला. "मॅडम, मी नोकरी सोडली यासाठी. बायको माहेरी गेली, परत आली, परत गेली. मला शेवट तरी बघायचा होता हो."

तो खरं बोलत होता. खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतकं बिचारं करून दाखवत नाही.

राहिली वहिनी; माझी नव्हे, सगळे जिला वहिनी म्हणतात ती. तिचं शिवणकामाचं दुकान. नवरा या मंडळाचा पहिला सभासद, तो गेल्यावर त्याच्या जागी ती येऊ लागली. मखमलीच्या कापडाने रीळ पुसायचं काम तिचं. आणि सांधायची कला ऑपरेटरकाकांनी तिला शिकवलेली. चौघांत फिल्म सांधता येणारी माणसं दोनच, काका आणि ही.

मी जाहिरातींचं रीळ तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने एका सांध्यावर नख फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"माझ्यासारखाच सांधा आहे," ती म्हणाली.

"बुधवारी किल्ली घेऊन तूच आली होतीस."

"आले होते. कापडं धुवायला न्यायची होती." ती रडली नाही, उलट चिडली. "मॅडम, मी का चोरीन? ती म्हातारी दर गुरुवारी माझ्याच शेजारी बसते. मुलीचं जावळ कुरळं होतं, एका कानाला वळी होती, सगळं मला पाठ झालंय. एवढं बोलते, पण काकांना विचारून उत्तर मिळालं नाही की गप्प होते बिचारी."

"काकांना काय विचारते?"

"काकांनी सिनेमा चालवला होता ना. मग पोर पडद्यावर काय करते, हसते का, रडते का? काका म्हणतात, सांगितलं तर गंमत जाईल, आता बघालच."

"किती वेळा विचारलं असेल?"

वहिनीने हात पसरले. "तीन वर्षं, मॅडम."

४

ऑपरेटरकाकांवर संशय घ्यायचा म्हणजे देवघरातल्या समईवर घ्यायचा. त्यांनीच प्रिंट वाचवली होती. खोलीत येताना ते चपला बाहेर काढत. रीळ हातात घेतलं की बोलणं बंद. आक्कांना गाडीपर्यंत हात धरून नेणारेही तेच.

मी त्यांना काही विचारलं नाही. भरारी पथकाचा पहिला धडा हा की ज्याच्यावर सगळ्यात कमी संशय आहे त्याला विचारू नये, त्याचा पेपर वाचावा.

काकांचा पेपर म्हणजे त्यांची कार्डं. प्रत्येक रीळ बोटांखालून घालून तपासायचं, कुठे तुटलं, कुठे सांधलं ते मोजायचं आणि कार्डावर लिहायचं. आठव्याचं कार्डही होतं, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेचं. 'सांधे ११, लांबी ९२४ फूट, स्थिती बरी.'

ती आठ कार्डं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसले. पहिल्याची लांबी ९५८, मग ९७१, ९४६, ९८०, ९३३, ९६२, ९३८ आणि शेवटी ९२४. सांधे कुठे नऊ, कुठे वीस. आकड्यांत मला काही दिसेना. सवयीने बेरीज मारली. सात हजार सहाशे बारा.

हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता. खाली जाऊन इंजिनियरला पहिलं रीळ संगणकावर लावायला सांगितलं. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरच्या परवान्याची चौकट येते. त्यावर सिनेमाचं नाव, रिळं आठ आणि एकूण लांबी. सात हजार सहाशे बारा फूट.

"बरोबर जुळलं की," इंजिनियर म्हणाला.

"जुळलं ना?" मी म्हटलं. "मला सांगा, फिल्म तुटली की ऑपरेटर काय करतो?"

"फाटलेल्या चौकटी कापून टाकतो आणि उरलेली टोकं जोडतो."

"म्हणजे प्रत्येक सांध्याला लांबी थोडी घटते. सात रिळांत मिळून सांधे किती?"

त्याने कार्डं पाहिली. "शंभराच्या आसपास."

"मग या सात रिळांनी पंचवीस-तीस फूट तरी गमावलेत. आणि आठव्यात स्वतःचे अकरा सांधे. तरी बेरीज नव्या कोऱ्या प्रिंटइतकी, एका फुटाचाही फरक नाही. असं कसं झालं?"



माझ्या परीक्षेत असले विद्यार्थी पुष्कळ यायचे. रीत सगळी चुकलेली आणि उत्तर मात्र पुस्तकामागे छापलंय तेच. त्यांना वाटायचं, उत्तर बरोबर आहे म्हणजे कोण बघतंय. आठव्या रिळाची लांबी कोणी मोजलेली नव्हती. परवान्यावरच्या आकड्यातून सात रिळं वजा करून ती लिहिली होती. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं लिहिणारा माणूस बेरीज जुळवून लिहितो.

आणि खरी लांबी लपवायची वेळ कधी येते? ती फारच कमी असेल तेव्हा.

५

रविवारी भल्या सकाळी काकांच्या घरी सुनेने दार उघडलं. "बाबा आतल्या खोलीत आहेत. दोन दिवस जेवले नाहीत, मॅडम. तुम्ही तरी सांगा."

काका पलंगावर बसले होते. मी आठवं कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून ट्रंक उघडली. चादरीत गुंडाळलेलं रीळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. ते निम्म्याहून थोडंच जास्त भरलेलं होतं.

"खरी लांबी किती?"

"पाचशे पन्नास." ते खाली बसले. "मॅडम, आमचं चित्रगृह गावाच्या टोकाला होतं. शेवटच्या खेळाच्या लोकांना शेवटची बस पकडायची असायची. सिनेमा संपायला आणि बस सुटायला एकच गाठ पडायची. लोक शेवटच्या गाण्यालाच उठून पळायचे. आई मुलाला मांडीवर घेऊन गाते, चार मिनिटांचं गाणं. नऊ दिवस मालकांनी हे पाहिलं. दहाव्या दिवशी म्हणाले, गाणं काप."

"आणि तुम्ही कापलंत."

"सगळेच ऑपरेटर कापायचे हो. मालकाने सांगितलं की कात्री घ्यायची. मला बाविसावं होतं. एकीकडे पायऱ्यांवर ती बसते तिथे कापलं, दुसरीकडे ती उठते तिथे. मधे एकच सांधा. इतका छान बसला की मालकाने पाठ थोपटली."

"तो तुकडा?"

"भंगारवाल्याने नेला. फिल्ममधली चांदी काढायचे ते."

बाहेर सून भांडी घासत होती. मला काकांचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"आक्का मंडळात आल्या त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्यांनी पहिलंच वाक्य काय म्हटलं माहिताय? म्हणाल्या, भाऊ, तुम्ही माझी मुलगी जपून ठेवलीत. माझे पाय धरायला वाकल्या त्या. मग कसं सांगू? वाटलं, पुढच्या गुरुवारी सांगू. मग पुढच्या. आठव्याची पाळी जवळ आली तसा मला घाम फुटायला लागला. शेवटी घरी पडून असलेल्या जाहिराती सांधल्या."

"फिल्म कुजली म्हणून सांगता आलं असतं."

"कुजली म्हणजे गेली, मॅडम. चोरीला गेली म्हणजे कुठेतरी आहे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "तेवढंच मला त्यांना देता येत होतं. कोणाच्या तरी कपाटात का होईना, पोर आहे, एवढं त्यांना वाटत राहिलं असतं."

मी अठ्ठावीस वर्षांत शेकडो कॉप्या पकडल्या. एकही परत खिशात घालून द्यावीशी वाटली नव्हती. ही वाटली. पण मंडळातली बाकीची तीन माणसं एकमेकांकडे चोर म्हणून बघत होती, आणि आक्का रोज फोन करून विचारत होत्या, शोध लागला का. त्यांच्या उरलेल्या नजरेतला एकेक दिवस त्या आशेत चालला होता.

"तुम्ही सांगाल की मी सांगू?" मी विचारलं.

काकांनी चपला घातल्या.

६

तासाभराने दवाखान्यामागच्या खोलीत सगळे जमले. आक्कांनी रिळाचा डबा पाहिला आणि ओढून जवळ घेतला. "सापडलं! बघा, मी म्हणत नव्हते?"

काका त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळं बोलले. मालक, बस, कात्री, भंगारवाला, जाहिराती. काहीच गाळलं नाही. माझा भाऊ मधेच उठून दवाखान्यात गेला. वहिनीने भिंतीकडे तोंड केलं.

आक्का म्हणाल्या, "मला दाखवा."

इंजिनियरने रीळ चौकटी पाहायच्या टेबलावर चढवलं, दिवा लावला आणि भिंग त्यांच्या डोळ्याशी धरलं. तरुण आक्का पायऱ्या उतरत होत्या. एका पायरीवर बसायला वाकल्या. मग सांधा आला, केसाएवढी आडवी रेघ. पुढच्या चौकटीत त्या उभ्या होत्या आणि हात मोकळे होते.

त्यांनी तो सांधा चार वेळा मागेपुढे करायला लावला. इंजिनियर निमूटपणे फिरवत राहिला. मग त्यांनीच भिंग खाली ठेवलं.

मला वाटलं, आता त्या काकांना शिव्या देतील. मी मनात त्यांच्या बाजूने चार शिव्या जुळवूनही ठेवल्या होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "नऊ दिवस गाणं होतं ना?"

"हो."

"दिवसाला चार खेळ. म्हणजे छत्तीस वेळा ती तुमच्या पडद्यावर आली. या जगात तिला इतक्या वेळा पाहिलेलं आता दुसरं कोणी जिवंत नाही. तिचे वडील गेले. दिग्दर्शक गेला. मलाही आता तिचा चेहरा धड आठवत नाही, नुसतं वजन आठवतं मांडीवरचं." त्या पुढे वाकल्या. "मला आता गंमत जाईल म्हणून सांगू नका. ती काय करत होती?"

काकांनी तोंड उघडलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, सांगा, काहीही सांगा, हसत होती म्हणा, तुमचं बोट धरून चोखत होती म्हणा. इंजिनियर आणि वहिनी यांचीही हीच प्रार्थना असावी.

"आक्का," काका म्हणाले, "शेवटचं रीळ लागलं की ऑपरेटर पडद्याकडे बघत नाही. आधीची रिळं उलटी गुंडाळायची असतात पुढच्या खेळासाठी. मी पाठ करून बसायचो. गाणं ऐकू यायचं, पण बघितलं नाही. एकदाही नाही."



आक्कांनी मान त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या आवाजाच्या दिशेला, वळवली.

"तीन वर्षं खोटं बोललात, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणखी एक बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"